आठांपैकी दोन तारा

माझे यजमान एका मंगळवारी वारले. ते विहिरीच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचे. डिंगोऱ्यात आमच्या घराच्या खालच्या खोलीत त्यांचं दुकान, वर माझं टेबल. जुन्या पुस्तकांची पानं स्कॅन करून मी पुण्याच्या एका छापखान्याला पाठवते. वर वायफाय नीट पोहोचत नाही, म्हणून त्यांनीच स्लॅबमधल्या पाइपातून राउटरची वायर वर आणून दिली होती. माझ्या टेबलाशी एक बेलही बसवली होती, तिचं बटण दुकानात. एकदा वाजली की चहा झाला, दोनदा वाजली की पाहुणे आले.

महिन्याने मी पुन्हा कामाला बसले. छापखान्याला फाइली आता मोठ्या हव्या होत्या, म्हणून इंटरनेटचा तीनशे एमबीपीएस वेगाचा प्लॅन घेतला. पण वर पंचाण्णवच्या पुढे आकडा सरकेना. राउटर बंद करून चालू केला, वायर राउटरच्या दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. लॅपटॉप खाली नेऊन हातभर वायरीने जोडला तर तीनशे पूर्ण. वर आणला की पुन्हा पंचाण्णव. वायर तुटली असती तर काहीच आलं नसतं. तिसरा हिस्साच कसा येतो, ते मला समजेना. असलं काही मी त्यांनाच विचारत असे.

शेवटी इंटरनेटवाल्यांचा माणूस जुन्नरहून आला. त्याची मोटार आमच्याकडेच भरलेली.

"वहिनी, खाली वायफायला दोनशे अन् वर वायरीला पंचाण्णव? बैलगाडीनं एसटीला मागं टाकलं की राव!"

मला वर आकडा बघत बसायला सांगून तो खाली गेला. थोड्या वेळाने बेल वाजली. एकदा.

"आले," मी म्हणाले आणि जिन्याच्या तीन पायऱ्या उतरले. मग थांबले.

"वहिनी, हे बटण कशाचं हाय?" खालून त्याने विचारलं. "दाबून बघितलं म्या."

मी खाली गेले. त्याने भिंतीतली डबी उघडली होती.

"वायरीत आठ तारा अस्त्यात. भाऊंनी चारच इंटरनेटला दिल्यात अन् दोन बेलला. चारांवर शंभराच्या वर जात न्हाई. तीनशेला आठी लागत्यात."

"असं का केलं असेल?"

"मोकळी तार दिसली की भाऊंचा हात शिवशिवायचा!" तो हसला. "तवा प्लॅन बारका व्हता, चारांत भागत व्हतं. बेल सोडवू का? पाच मिनिटांचं काम हाय."

"बेल राहू दे. दुसरी वायर टाक ना."

"पाइप लई बारीक हाय. जुनी ओढून काढली तरच तिच्या मागनं नवी यील. अन् बेल आता दाबणार..." तो थांबला आणि पक्कड पिशवीत शोधू लागला. पक्कड त्याच्या हातातच होती.

"राहू दे," मी म्हणाले.

का, ते मला नीट सांगता आलं नसतं. बेल आता कोणी वाजवणार नाही, हे मला माहीत आहे. तरी मी तीन पायऱ्या उतरले होते.

"मग छापखान्याचं काय करता?"

"खाली बसेन."

"बसा. पण गिऱ्हाईक मोटार घिऊन दारात उभं ऱ्हाईल, वहिनी."

त्याने डबी बंद केली.

मोठ्या फाइली आता मी दुकानातून, त्यांच्या टेबलावरून पाठवते. वर पंचाण्णव येतात. बेल जागेवर आहे.