रोपांचं पांघरूण

रोज फिरायला जायचो त्या धुळ्याच्या बागेतल्या म्हाताऱ्या माळ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गळालेला पाला तो रोज गोळा करून कोपऱ्यात साठवायचा. एका चैत्रात मला स्वच्छतेचा झटका आला आणि मी शहाण्याने त्या ढिगाला काडी लावली. वर शाबासकीसाठी तिथेच उभा राहिलो.

तो आला. धुराकडे बघत हळूच म्हणाला, "भाऊ, तो कचरा नही व्हता. या रोपस्नं वैशाखनं पांघरून व्हतं."

"आबा, चुकलो."

दुसऱ्या दिवसापासून मी घरची भाजीची देठं, सालं डब्यातून नेऊ लागलो. तो ती रोपांच्या बुडाशी पसरायचा. तरीही वैशाखात निम्मी रोपं करपली.

त्याने मला बोल लावला नाही. करपलेल्या रोपांच्या काड्या उपटून जगलेल्यांना आधाराला रोवल्या.