इथे खोकायचं ते रोग्यांनी

आमच्या दवाखान्यात औषधाची बाटली ज्याची त्याने घरून आणायची असते. माणसं ती रिकामी आणतात आणि भरून नेतात. पण बाकावर बसून जे बोलतात ते मात्र कुणी परत नेत नाही, ते माझ्यापाशीच राहतं. घरी गेल्यावर मला सांगायला कुणी नाही, त्यामुळे त्यातलं काही संपतही नाही. सहा वर्षांत इतकं साठलंय, की म्हटलं आता तुम्हालाच सांगावं.

*

दवाखाना दमा-खोकल्यासाठी गावात नावाजलेला. पुढच्या दाराने पुरुष, मागच्या पडवीत बायका. पडवीत एक लांब बाक आणि बाकासमोर माझं औषधांचं टेबल. मुलींच्या शाळेत मी इंग्रजी तिसरीपर्यंत शिकले होते, बाटल्यांवरची लेबलं वाचता येत होती. म्हणून यजमान वारल्यावर डॉक्टरांनी मला इथे घेतलं.

माझ्याआधी एक कंपौंडर होते. त्यांना सारखा खोकला. डॉक्टर एकदा त्यांना म्हणाले, "अहो, औषध देणाराच खोकायला लागला तर घेणाऱ्याने काय समजायचं? इथे खोकायचं ते रोग्यांनी." महिनाअखेरीस कंपौंडर घरी बसले.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी हे वाक्य बाकावरच्या बायकांदेखत मलाही ऐकवलं. मी मान डोलावली. मला कुठे खोकला होता?

पंधरा दिवसांनी झाला. इपिकाक म्हणून एका परदेशी मुळीची पूड असते, कफ सुटायला देतात. त्या बरणीचं बूच काढून पूड तोलायला घेतली, की आधी माझं नाक खाजायचं, मग डोळे भरायचे आणि थोड्या वेळाने छातीत बारीक शिट्टी सुरू व्हायची. दुसरं कुठलंही औषध मला बाधत नसे.

डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी मला प्रेमानेच घरी पाठवलं असतं. पण घरी काय होतं? एक चूल, एक ताट, आणि दिवसभर माझ्या नावाने हाक मारणारं कुणी नाही. म्हणून मी पुड्या बांधून झाल्या, की रिकाम्या बाटल्या उचलून मागच्या आडावर धुवायला जायची. शिट्टी थांबली, की परत. डॉक्टर म्हणायचे, "बाईंची स्वच्छता बघा."

*

एकदा एक पैलवान आले. महाराजांच्या मैदानात कुस्त्या मारलेला गडी, पण तालमीच्या मातीने नाक कायम चोंदलेलं. मधलं दार अर्धं उघडं होतं, त्यामुळे आम्हाला सगळं दिसत होतं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "मोठा श्वास घ्या."

पैलवानांनी घेतला. छाती दाराएवढी झाली. डॉक्टर नळी लावून थांबले. पैलवानही थांबले. तोंड आधी लाल झालं, मग जांभळं.

"अहो, सोडा की!" डॉक्टर घाबरून ओरडले.

पैलवानांनी श्वास सोडला, टेबलावरचे कागद उडाले. मग घाम पुसत ते शांतपणे म्हणाले, "तुमी घ्या म्हनलासा. सोडा म्हनून कुठं सांगितलंसा? वस्तादाच्या हुकमाबिगर आमी काय सोडत न्हाय."

*

सगुणाबाईंना दम्यासाठी डॉक्टरांनी धोतऱ्याच्या वाळल्या पानांची विडी ओढायला सांगितली. तिच्या धुराने छाती मोकळी होते. पण सगुणाबाई म्हणजे फार कडक. थोरल्या मुलाला लहानपणी विडी ओढताना धरलं, तेव्हा दिवसभर उंबऱ्याबाहेर उभा केला होता. घरी ओढणं शक्यच नव्हतं. त्या दवाखान्यात यायच्या, बाकाच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि पदराआड ओढायच्या.

एक दिवस तोच थोरला मुलगा न्यायला आला. आता त्याच्याही मिशा पिकायला लागलेल्या. आईच्या पदरातून धूर निघताना बघून तो जागच्या जागी थांबला. सगुणाबाईंच्या हातातली विडी विझली. मग तो पुढे झाला, खिशातून काडेपेटी काढली आणि काडी ओढून धरली. "घे आई. औषध हाय ते."

सगुणाबाईंनी एक झुरका घेतला, धूर सोडला आणि त्याच्याकडे वर बघत विचारलं, "औषध माझं. मग काडेपेटी तुझ्या खिशात कशाला रं?"

*

हमीदाबींचा नवरा कल्हईवाला. भांडं तापवून नवसागर टाकला, की जो पांढरा धूर निघतो, तो हमीदाबींच्या छातीला लागायचा. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर त्या धुरापासून लांब राहा." त्या मिरजेला बहिणीकडे गेल्या.

आठ दिवसांत परत पडवीत हजर. छातीत पुन्हा घरघर.

"तिकडे त्रास होत होता का?" मी विचारलं.

"न्हाय बाई. छाती एकदम साफ. झोपबी चांगली."

"मग आलात कशाला?"

त्यांनी जरा दम खाल्ला. "तिथं समदे मला 'बसा, बसा' म्हनायचे. इथं कसं, दर घटकेला 'हमीदा, फडकं दे' आसतंय की."

त्या रात्री घरी फडकं धुताना मला ते सारखं आठवत होतं.

*

पार्वतव्वा लिंगायत, कर्नाटकाकडच्या. मला 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. त्यांचं दुखणं गुडघ्याचं. तेल न्यायला दर मंगळवारी यायच्या आणि बाटली भरली तरी दुपारपर्यंत बसून राहायच्या. मी एकदा म्हटलं, "हा खोकल्याचा बाक आहे. एखादा आजार अंगाला लागेल."

"लागू दे की तंगी. घरात तेवढंबी काय लागत न्हाय."

*

आणि हा शेवटचा.

मंगळवार होता. बाहेर मुसळधार पाऊस, आडाकडे जायची सोय नव्हती. नेमक्या त्याच दिवशी इपिकाकच्या बांधलेल्या पुड्या संपल्या होत्या आणि डॉक्टर माझ्या टेबलाशीच उभे. "बाई, वीस पुड्या करा. मी थांबतो."

मी बूच काढलं. सातव्या पुडीला डोळे भरले. दहाव्या पुडीला छातीत शिट्टी सुरू झाली. मी ओठ घट्ट मिटले, पण ती काही ओठांतून येत नव्हती.

डॉक्टरांनी मान वर केली. "हा आवाज कुणाचा?"

मी पुडीची घडी घालत राहिले. मनात म्हटलं, झालं.

तेवढ्यात हमीदाबी खोकल्या. चांगल्या जोरात. त्यांच्या पाठोपाठ सगुणाबाई. मग बाकावरच्या सगळ्याच. असा खोकला उठला, की पुढचे पुरुष मधल्या दारातून डोकावून बघायला लागले. डॉक्टर नळी घेऊन एकेकीकडे धावले. माझी शिट्टी त्या गोंधळात कुठे गेली, मलाच ऐकू येईना.

बऱ्याच वेळाने ते परत आले आणि माझ्यापुढची बरणी उचलून तिच्याकडे बघत राहिले. "ही पूड उडत असणार. रोग्यांना सोसत नाही. उद्यापासून ही आतल्या खोलीत मीच तोलीन." दारातून वळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला नाही ना काही त्रास होत?"

बोलायला माझ्याकडे श्वास नव्हता. मी नुसती मान हलवली.

ते आत गेले. बाकावर जी ती आपली बाटली चाचपत होती. छाती जरा मोकळी झाल्यावर मी तेलाची बाटली घेऊन पार्वतव्वांकडे गेले आणि हळूच म्हटलं, "पार्वतव्वा, सगळ्यांत मोठ्याने तुम्ही खोकत होता. तुमचं तर गुडघ्याचं दुखणं."

त्या भिंतीला हात लावून उठल्या, बाटली पदरात घेतली आणि म्हणाल्या, "मग? गुडघ्याला खोकला येऊ नये व्हय?"