सेरेनेडची मधली ओळ

माझा धंदा बसवण्याचा. गाणी बसवून देते म्हटलं की लोकांना वाटतं नाच बसवते. मग समजावून सांगावं लागतं, की कुणी तरी एखादी चीज भरल्या वाद्यवृंदासाठी लिहून ठेवलेली असते आणि शाळेकडे असतात तीन व्हायोलिनं, एक कीबोर्ड आणि भरपूर उत्साही पालक. ती चीज एवढ्याशा सामानात कोंबायची आणि ऐकणाऱ्याला काही राहून गेलंय असं वाटू द्यायचं नाही. दादरच्या शाळा, लालबाग-काळाचौकीकडची बेंजो पार्टी, लग्नातले ब्रास बँड, सगळ्यांचं करून झालंय माझं. कामाचा नियम साधा आहे. वरची ओळ म्हणजे चाल, ती ठेवायची. खालची ओळ म्हणजे खर्जाचा आधार, तीही ठेवायची. मधल्या ओळींचं जमेल तसं. वाद्यं कमी पडली की पहिली कात्री मधल्या ओळींवर चालते, आणि आजवर एकही माणूस विचारायला आलेला नाही की बाई, मधलं कुठे गेलं.

बाबा गिरगावातले. दिवसभर फोर्टात एका जहाज कंपनीत कारकुनी करायचे आणि संध्याकाळी धोबीतलावला एका गोवेकर मास्तरांकडे व्हायोलिन शिकायचे. पुढे मास्तरांनीच त्यांना एका हौशी वाद्यवृंदात नेऊन बसवलं, आणि हात चालत होते तोवर बाबा तिथे वाजवत राहिले. त्या वाद्यवृंदाची दरवर्षीची एक ठरलेली चीज होती, फक्त गजाच्या वाद्यांसाठी लिहिलेलं एक सेरेनेड. त्यातला संथ भाग बाबांचा जीव की प्राण. ‘आपलं सेरेनेड’ म्हणायचे त्याला, जसं काही ते युरोपात नाही, खोताच्या वाडीतच कुणी रचलं होतं. सेरेनेड म्हणजे संध्याकाळी कुणाच्या तरी खिडकीखाली उभं राहून वाजवायचं संगीत. आम्ही आता लालबागला, जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये राहतो. इथे खिडकीखाली उभं राहून कुणी वाजवलं तर आधी वॉचमन येईल.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे आहेत, आणि त्याच सुमारास ते विसरायला लागले. आधी नावं गेली, मग माणसं. मला ते ‘बाई’ म्हणतात. पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनाही ‘बाई’च म्हणतात, पण त्यांच्याकडे बघून हसतात. मी लग्न केलं नाही ते एका अर्थी बरंच झालं, मला विसरणारं माणूस घरात एकच आहे.

लोक विचारतात, तुला फार त्रास होत असेल नाही? खरं सांगायचं तर होत नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की गाल आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो. माझं तसं झालं होतं. आंघोळ, गोळ्या, पेज, कपडे, पुन्हा गोळ्या, सगळं वेळच्या वेळी व्हायचं. वाटायचं मात्र काही नाही.

गणपतीत भाऊ बंगळुरूहून आला होता. बाबांनी त्याला बँकेतला साहेब समजून उभं राहून नमस्कार केला. तो बिचारा बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसला. निघताना चपला घालता घालता म्हणाला, “कर्जतला एक चांगली जागा बघून ठेवलीय मी. डॉक्टर, नर्स सगळं आहे. आपण कुठे आहोत हे त्यांना कळतच नाही, तर इथे ठेवलं काय आणि तिथे ठेवलं काय? तू मरशील अशाने.”

“त्यांना सेरेनेड कळेल,” मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.

“ठीक आहे. ओळखू दे. दिवाळीपर्यंत एकदा जरी ओळखलं ना, तर मी परत विषय काढणार नाही. नाही ओळखलं तर भाऊबीजेनंतर मी गाडी घेऊन येतो.”

“चालेल,” मी म्हटलं.

आधी मूळ रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. बाबा म्हणाले, “शेजारी टीव्ही फार मोठा लावतात.” मग मी स्वतः व्हायोलिन घेऊन समोर उभी राहिले आणि चाल वाजवली. अगदी जीव ओतून वगैरे नाही, पण सुरात वाजवली. ते शेवटपर्यंत नम्रपणे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “छान. चहा घेऊन जा.” त्यांचं व्हायोलिन त्यांच्या हातात दिलं, तर पोस्टातून आलेलं पार्सल धरावं तसं मांडीवर धरून बसले.

मला वाटलं, एकटं व्हायोलिन पातळ पडत असेल. आमच्या खालच्या मजल्यावर जुन्या चाळीतल्याच एक काकू राहतात, भजनी मंडळात पेटी वाजवतात. सेरेनेड मी पेटी आणि व्हायोलिनसाठी बसवलं, सरगममध्ये लिहून काकूंपुढे ठेवलं. काकूंचा हात गोड आहे, पण लांब सूर आला की त्यांचा जीव कासावीस होतो. प्रत्येक लांब सुरावर एक मुरकी पडायची.

“काकू, इथे नुसतं थांबायचंय.”

“अगं, नुसती थांबले तर लोकांना वाटेल विसरले.”

चार संध्याकाळी आम्ही घासाघीस केली आणि अखेर काकूंच्या मुरक्यांसकट ते बसलं. बाबांना झोप लागली. काकू पेटीचा भाता लावता लावता म्हणाल्या, “झोप लागली म्हणजे आवडलं हो.” मी त्यांना लाडू दिला आणि लिफ्टपर्यंत पोचवून आले.

मग बेंजो पार्टी. त्यांच्या म्होरक्याला मी दरवर्षी गणपतीच्या आगमनासाठी दोन-तीन चाली बसवून देते, त्यामुळे शब्द टाकला की तो नाही म्हणत नाही. मंडळाच्या खोलीत त्याने मोबाइलवर सेरेनेड ऐकलं, डोळे मिटून, मान हलवत.

“ताई, चाल एक नंबर आहे. पण हिला ठेका कुठला?”

“ठेका नाहीये.”

“ठेका नाय? मग पब्लिक उभी कशावर राहणार?”

मी म्हटलं, पब्लिक बसलेली असेल, खुर्चीत, एकच जण. तो हसला, पण पटलं नाही त्याला. मी बेंजोवर चाल दिली, कीबोर्डवर खर्ज दिला आणि बाकीच्यांना हात बांधून उभं राहायला सांगितलं. नवरात्राआधीच्या एका संध्याकाळी बाबांना व्हीलचेअरवरून खाली पार्किंगच्या गच्चीवर नेलं. पार्टीने सुरुवात छान केली. आठ-दहा ओळी बेंजो खरंच गात होता. मग ताशावाल्याला राहवलं नाही. त्याने काठीच्या टोकाने अगदी हळू, अदबीने ठेका धरला, ढोलकीने त्याला हात दिला, आणि बघता बघता ते सेरेनेड परळच्या पुलाखालून मिरवणुकीत निघालं. बाबांनी हात जोडले. “गणपती आले का?” त्यांनी विचारलं.

म्होरक्याचे डोळे भरून आले. त्याने येऊन बाबांच्या पायाला हात लावला. मला रडू आलं नाही, हसूही नाही. व्हीलचेअरच्या चाकात पार्टीच्या स्पीकरची वायर अडकत होती, ती मी बाजूला केली.

रात्री भावाला मेसेज केला, नाही ओळखलं. त्याने कर्जतच्या खोलीचे फोटो पाठवले. खिडकी मोठी होती आणि बाहेर आंब्याचं झाड. मी लिहिलं, ‘छान आहे.’ ते छानच होतं. बाबांच्या स्वेटरवर नाव शिवायला लागेल, असंही त्याने लिहिलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी दादरला जाऊन नाव शिवून आणलं.

एकदा ठरलं की माणूस कामाला लागतो. दादरच्या शाळेने संमेलनासाठी काही तरी संथ, भारदस्त मागितलं होतं. सेरेनेड डोक्यात घोळतच होतं, तेच द्यावं म्हटलं. या वर्षी शाळेकडे व्हायोलिनं बरीच जमली होती, म्हणजे पहिली आणि दुसरी अशा दोन फळ्या करता येणार होत्या. दुसऱ्या फळीला त्यांची स्वतःची ओळ देणं ही माझ्या धंद्यात चैन आहे. इतक्या वेळा हे सेरेनेड बसवलं, पण दुसऱ्या व्हायोलिनची ओळ मी पहिल्यांदाच संपूर्ण उतरवून काढली.

ओळ उतरवली की तिच्यावर गजाच्या खुणा करायच्या असतात. कुठला सूर गज खाली ओढत घ्यायचा, कुठला वर ढकलत, हे आधी ठरवून लिहिलं नाही तर संमेलनात एकाचा गज दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. त्यासाठी ती एकच ओळ, बाकी काही नाही, तुकड्या-तुकड्याने वाजवून बघावी लागते. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी ते करायला बसले. बाबा खिडकीशी खुर्चीत होते, वाटीतले कुरमुरे वेचत.

दुसऱ्या व्हायोलिनला त्या भागात चाल अशी नाहीच. पहिल्या मात्रेला गप्प राहायचं आणि मग दोन बारीक सूर. पुन्हा गप्प, पुन्हा दोन. पानभर तेच. मी वाजवत होते, थांबत होते, पेन्सिलने खूण करत होते. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की कुरमुऱ्यांचा आवाज बंद झालाय. बाबांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि बोटं हलत होती. मला वाटलं, कुरमुऱ्यांचं मीठ झोंबलं असेल. मी थांबले, बोटं थांबली. मी सुरू केलं, पहिली मात्रा गेली आणि बोटं पडली, दोन सुरांवर दोन, बरोबर जिथे पडायला हवीत तिथे.

तेव्हा मला गिरगावची आमची गॅलरी आठवली. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बाबा तारांवर लाकडी चिमटा बसवून, आवाज दाबून रियाज करायचे. समोरच्या खोलीतले आजोबा दाढी करता करता ओरडून विचारायचे, “अहो, तुमचं गाणं सुरू कधी होणार?” बाबा म्हणायचे, “सुरूच आहे की. चाल दुसरीकडे वाजतेय.”

आयुष्यभर ते दुसऱ्या फळीत बसले. चाल पलीकडच्या खुर्च्यांत वाजायची, त्यांच्या हातात कधी आलीच नाही. त्यांचं ‘आपलं सेरेनेड’ म्हणजे हे, गप्प आणि मग दोन सूर. आणि मी पेटीसाठी बसवताना, बेंजोसाठी बसवताना, दर वेळी नेमकं एवढंच कापून टाकून उरलेलं त्यांच्यापुढे नेत होते आणि ओळखत नाहीत म्हणून भावाला कळवत होते.

मी खुर्ची उचलून त्यांच्या शेजारी नेली आणि नोटेशनचा स्टँड दोघांच्या मध्ये ठेवला. वाद्यवृंदात व्हायोलिनवाले असेच बसतात, दोघांत एक स्टँड. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बाबा कागदाकडे बघत होते. खरंच वाचत होते की नुसतं बघत होते, मला माहीत नाही. पानाच्या तळाशी आलो आणि त्यांनी हनुवटीने मला खूण केली. दोघांतल्या धाकट्याने वाजवणं सोडून पान उलटायचं आणि थोरल्याने चालू ठेवायचं, असा तिथला शिरस्ता. मी गज खाली घेऊन पान उलटलं. तेवढ्या वेळात त्यांची बोटं चालूच होती. परत आत शिरताना माझी मात्रा चुकली आणि गप्प राहायच्या जागी मी वाजवलं.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. किती तरी महिन्यांनी असं बघितलं.

“तुम्ही नवीन आलात का?”

“हो,” मी म्हटलं.

“घाबरू नका. आपलं कुणी ऐकत नाही,” ते हळूच म्हणाले, पुढच्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. “थांबलो तर मात्र त्यांना कळतं.”

मी शेवटपर्यंत वाजवलं. मग आत जाऊन भावाला फोन लावला आणि सांगितलं, बाबांनी सेरेनेड ओळखलं, कर्जतला नको म्हणून कळव.

“आणि तुला?” त्याने विचारलं. “तुला ओळखलं?”

“नाही. मी नवीन आलेय म्हणाले.”

“मग?”

“मग काय. ते राहतायत इथेच.”

फोन ठेवला, बाहेर आले, गज हातात घेतला आणि मला रडू आलं. आईच्या वेळी आलं नव्हतं, ते सगळं आलं. थांबवता येईना. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी कुरमुऱ्यांची वाटी माझ्या बाजूला सरकवली.

“अहो, एवढं काय त्यात,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी सगळ्यांचंच चुकतं.”