चिंधी बांधलेला दुधी

दुधी चिरताना त्याचा हिरवा, कच्चा वास आला की मला भालकीचं घर आठवतं. संस्थानावरच्या पोलीस ॲक्शननंतरचा उन्हाळा होता. दंगलीच्या धामधुमीत आमचं गाव सोडून भालकीला येताना आईनं पदराच्या गाठीत दुधीचं बी आणलं होतं. त्यातला एकच वेल मोरीच्या पाण्यावर तगला. त्याचा एक दुधी बियाण्यासाठी राखून आईनं त्याला चिंधी बांधली होती. चिंधीचं फळ तोडायचं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कोकणातून बदलून आलेले साहेब जेवायला आले, तेव्हा अप्पांनी नेमका तोच कापून आणला. "चिंधी दिसत असून कामून तोडलाव?" आईनं विचारलं. "साहेबांपुढं काय वाढायचं मग? बियाणं काय, बाजारात मिळतंय की." जेवताना साहेब म्हणाले, "आमच्याकडे दुधी मांडवावर लोंबत असतात, कुणी विचारत नाही." अप्पा मोठ्यानं हसले. आईनं दुधीतून काढलेल्या पांढऱ्या, कोवळ्या बियांची वाटी आणून अप्पांच्या ताटात उपडी केली. "घ्या, पुढल्या सालचा वेल खावा," ती साहेबांदेखत म्हणाली. अप्पांनी मान खाली घालून त्या सगळ्या चावून संपवल्या. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची आहे, तरी मला त्यांची कीव येत नाही.