डावीकडची खुर्ची

आमच्या ह्यांनी विमान दोनदा बांधलं. पहिलं बांधलं तेव्हा मी कावले होते आणि दुसरं बांधलं तेव्हा कौतुक करत होते. दोन्ही वेळा माझा अंदाज साफ चुकला. पहिल्या विमानाने ह्यांना जन्माचा सोबती मिळवून दिला. दुसऱ्याने तो घालवला.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर इमारतींच्या पोटात उभं राहून लोकांना वर-खाली करायचं, अंगाला ग्रीसचा वास घेऊन घरी यायचं, आणि चहा झाला की ह्यांना आडवं उडायचं असे. खऱ्या विमानात आजवर पाय ठेवलेला नाही. विचारलं तर म्हणतात, दांडी दुसऱ्याच्या हातात देऊन आपण मागे शेंगदाणे खात बसायचं, हे आपल्याला जमणार नाही.

आमच्या मागच्या खोलीत माझं शिवणाचं मशीन होतं. एके दिवशी ते बाहेरच्या खोलीत आलं आणि मागे प्लायवूडचा एक सांगाडा उभा राहिला. मोडीत काढलेल्या गाडीच्या दोन खुर्च्या, समोर काचेच्या जागी मोठा टीव्ही, पायाशी पॅडल, हातात दांडी, आणि कोपऱ्यात घोंघावणारा कॉम्प्युटर. त्यावर विमान चालवायचा प्रोग्राम. त्याला गेम म्हटलेलं ह्यांना खपत नाही. मी त्याला सवत म्हणते, ते मात्र खपतं.

दोन खुर्च्यांच्या मधे पत्र्याचं एक तिरकं पॅनल होतं. जुन्या लिफ्टमधून काढलेली गोल बटणं, किल्लीचे स्विच, फिरवायचे खटके, तांबडे बारीक दिवे, असं सगळं त्यात हाताने भोकं पाडून बसवलेलं. चाकं आत-बाहेर करायच्या दांडीवर ह्यांनी लाकडाचं छोटं चाक कोरून लावलं होतं. मी हसले, तर मला समजावून सांगितलं की खऱ्या विमानातही असंच असतं, म्हणजे न बघता हाताला कळतं कुठली दांडी धरली ती. हे वाक्य मला नंतर फार आठवलं. स्वतः ह्यांना ते वेळेवर आठवायला हवं होतं.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. जन्मभर टायपिंगचा क्लास चालवला. मुलांच्या हातांवर फडकं टाकून शिकवायचे आणि जो खाली वाकून बघेल त्याच्या बोटांवर पट्टी. कॉम्प्युटर आले, क्लास बंद पडला, आणि भाऊजी दिवसभर घरात बसून ताईचं डोकं खाऊ लागले. ताईनेच त्यांना एका रविवारी आमच्याकडे पिटाळलं, साडूचं वेड बघून या म्हणून. एरवी दोन साडू एकत्र येतात ते सासुरवाडीची उणीदुणी काढायला. हे दोघे एकत्र आले ते विमानात. भाऊजी डावीकडच्या खुर्चीत बसले ते बसलेच. ती खुर्ची कॅप्टनची असते असं ह्यांनी सांगितलं आणि त्या दिवसापासून त्यांना कॅप्टनच म्हणू लागले.

विमान हे चालवायचे, बाकी कारभार कॅप्टन बघायचे. हे म्हणणार, "चाकं." कॅप्टन म्हणणार, "चाकं आत," आणि खट्. हे म्हणणार, "दिवे," की खट्. त्या क्रमात वर्षानुवर्षं फरक पडला नाही. भाऊजी पॅनलकडे बघतसुद्धा नसत. तोंड समोर, चेहऱ्यावर हसू, आणि कधीकधी तर डोळे मिटलेले. येणाऱ्या-जाणाऱ्याला हे अभिमानाने ती गंमत दाखवायचे. टायपिंगवाल्याचे हात आहेत, म्हणायचे, ह्यांना डोळ्यांची गरज नाही.

भाऊजी आमच्याकडे एकटे चालत यायचे, कडक उन्हातसुद्धा हातात छत्री. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. पेपर ताई मोठ्याने वाचायची, कारण तिच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं म्हणे. चहा दिला की विचारायचे, "नेहमीच्या जागी ठेवलास ना?" आम्ही त्याला म्हातारपणाचे नखरे समजायचो. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, परगावी नोकरीला. ती दर फोनला म्हणायची, दोघं माझ्याकडे राहायला या. भाऊजींचं उत्तर ठरलेलं, माझं मला जमतंय तोवर नाही. रविवारी एकट्याने चालत येणं हाच त्यांचा त्या जमण्याचा पुरावा होता.

मग ह्यांच्या कंपनीने लिफ्टमध्ये काचेची टच पॅनल बसवायला सुरुवात केली आणि हे त्या काचेच्या प्रेमात पडले. बोट टेकवलं की उजळते, खटका नाही, स्प्रिंग नाही, गंज नाही. घरी येऊन जुन्या पॅनलकडे असं बघायचे की जणू कोणीतरी फसवून गळ्यात बांधलंय. कॅप्टनला इतकी वर्षं भंगारात बसवलं, म्हणायचे. आता त्यांना असं काही करून देतो की नव्या विमानात बसल्यासारखं वाटलं पाहिजे.

आणि ते गुपचूप करायचं ठरलं. मागच्या खोलीला वाळवी लागलीय, औषध मारायचंय, असं सांगून भाऊजींचे कितीतरी रविवार बंद केले. तशीच एक काच घरी आणली आणि कामावरून आले की हे तिच्यापुढे बसायचे. प्रत्येक बटणाचं चित्र स्वतः काढलं. कॉम्प्युटरला शिकवता शिकवता स्वतः शिकले. काळपट निळी पाटी, दिव्यांना हिरवा रंग, इंधनाला नारिंगी, बोट टेकवलं की चित्रातला खटका पडायचा आणि स्पीकरमधून खट् आवाज यायचा. डावीकडे वर, पिवळ्या उजळणाऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, कॅप्टन. ते खरंच देखणं होतं. जुनं पॅनल उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ह्यांनी स्वतः खांद्यावर टाकून भंगारवाल्याकडे पोचवलं.

उद्घाटनाला ताई आली, भाऊजी आले, चार दिवस माहेरी आलेली भाचीही आली. मी बाहेरचा शिवणाचा पसारा आवरून सगळ्यांना मागच्या खोलीत दाटीवाटीने उभं केलं. भाऊजी खुर्चीत बसले. ह्यांनी विमान धावपट्टीवरून उचललं आणि दिमाखात म्हणाले, "चाकं."

भाऊजींचा हात नेहमीच्या जागी गेला. तिथे काच होती. हात थांबला, मग चाचपडत बाजूला सरकला, आणि जिथे जिथे बोट टेकलं तिथे तिथे खट् खट् होत गेलं. दिवे गेले. इंधन बंद झालं. इंजिन थांबलं. ह्यांना वाटलं कॅप्टन गोंधळले, म्हणून हसत हसत सांगू लागले की हिरवं बघा, त्याच्या शेजारी, अहो तुमच्या बोटाखालीच आहे. भाऊजी हो हो म्हणत होते आणि भलतंच दाबत होते. टीव्हीवर जमीन वर आली आणि विमान तिच्यात घुसलं.

हसलं कोणीच नाही. भाची मागून पुढे आली आणि तिने वडिलांच्या डोळ्यांसमोर हात हलवला, सावकाश, दोनदा. भाऊजी समोर बघत राहिले. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं.

"छान केलंयस," ते ह्यांना म्हणाले. "आधी सांगितलं असतंस तर पाठ करून आलो असतो."

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांच्या नसा वर्षानुवर्षं सुकत आल्या होत्या, कडेकडेने आत, आणि आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. भाऊजींना सगळं ठाऊक होतं. छत्रीचं टोक भिंतीला लावून, एकेक वळण ओळखून ते आमच्यापर्यंत येत होते. आमच्या घरी त्यांना आंधळेपण लपवावं लागतच नव्हतं, कारण त्या पॅनलपुढे ते आंधळे नव्हतेच. पण भाचीने आता कोणाचं ऐकलं नाही. महिन्याभरात घर आवरलं आणि दोघांना घेऊन ती गेली. तिचं तरी काय चुकलं?

मी ह्यांना समजावलं की आज ना उद्या हे उघडकीला येणारच होतं, आणि रस्त्यात गाडीने उडवून कळण्यापेक्षा असं कळलं ते बरं. खरंच आहे ते. पण ह्यांच्या गळी उतरलं नाही. जेवताना हातातला घास तसाच धरून म्हणाले, "लिफ्टच्या बटणांशेजारी उठावाचे ठिपके असतात. कोणासाठी असतात ते मला ठाऊक आहे. आयुष्यभर मीच बसवले. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतला माणूस..." जेवण झाल्यावर काच उतरवली, आणि मी नको नको म्हणत असताना तिच्यातली सगळी चित्रंही कॉम्प्युटरवरून पुसून टाकली. राग आला की ह्यांना आपलं-परकं कळत नाही. त्या दिवशी तो स्वतःवरच होता.

मग ह्यांनी जुनं पॅनल पुन्हा करायला घेतलं. भंगारवाल्याकडे काही राहिलं नव्हतं. मोडीत निघालेल्या लिफ्टमधून बटणं जमवली, पत्रा कापला, लाकडाचं चाक पुन्हा कोरलं. पण कुठलं बटण नेमकं कुठे होतं? अंदाजाने चालणार नाही, हे म्हणाले, कॅप्टनचा हात जिथे जाईल तिथेच ते पाहिजे. आणि ते एकाच माणसाच्या बोटांना ठाऊक होतं. शेवटी धीर करून ह्यांनी फोन लावला.

त्यानंतरचे रविवार फोनवर गेले. इकडे हे पत्र्यावर खडू घेऊन बसलेले, तिकडे भाऊजी भाचीच्या जेवणाच्या टेबलाशी. ते रिकाम्या टेबलावर बोटं फिरवायचे आणि सांगायचे, चाकांच्या दांडीपासून डावीकडे दोन बोटं, तिथे दिव्यांचं. त्याच्या खाली इंधनाचं, पण जरा तिरकं, कारण तू भोक वाकडं पाडलं होतंस. हे म्हणायचे, वाकडं नव्हतं. ते म्हणायचे, वाकडंच होतं. फोनमधून येणारी नखाची टकटक मला बाहेरच्या खोलीत मशीनपाशी ऐकू यायची. ह्यांनी ते भोक या खेपेला मुद्दाम वाकडं पाडलं.

पॅनल झालं आणि भाची एकदा रजा काढून दोघांना घेऊन आली. तिने कोपराला धरून भाऊजींना खुर्चीत बसवलं. पूर्वी कोणी असं धरलेलं त्यांनी खपवून घेतलं नसतं. हे हळूच म्हणाले, "चाकं." भाऊजींचा हात गेला आणि खट्. दिवे, खट्. एकही बोट चुकलं नाही. विमान उडालं, उतरलं, आणि हे ग्रीसच्या फडक्याने डोळे पुसू लागले.

थोडा वेळ गेल्यावर भाऊजींनी विचारलं, "ते काचेचं कसं होतं रे?"

हे म्हणाले, कशाला आता ते. भाऊजी म्हणाले, "माझ्यासाठी केलं होतंस ना? सगळ्यांनी बघितलं. मी सोडून."

हे सांगायला लागले. निळं होतं, म्हणजे काळपट निळं. दिवे हिरवे. नारिंगीही होतं. आणि अडकले. सबंध लिफ्ट खोलून जोडणारा माणूस, पण हातात नसलेली वस्तू शब्दांत उभी करणं ह्यांना येत नाही, आणि दाखवायला एक चित्रही मागे ठेवलेलं नव्हतं. मग मीच म्हटलं, "वर तुमचं नाव होतं, भाऊजी. कॅप्टन. पिवळ्या अक्षरांत उजळायचं."

भाऊजींचा हात पॅनलच्या वरच्या कडेला गेला. डावीकडून उजवीकडे फिरला, परत आला. तिथे नुसता पत्रा होता. ह्यांनी सगळं जुन्यासारखं केलं होतं, आणि जुन्यावर नाव नव्हतं.

"इथे नाही लावलंस?" त्यांनी विचारलं.

पाहुणे गेल्यावर ह्यांनी पितळेच्या पट्टीतून एकेक अक्षर कापलं, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि अक्षरं पत्र्यावर बसवली. बोट फिरवलं की नाव वाचता येतं. पण भाऊजी परत आले नाहीत. ताईचे गुडघे गेले, भाचीला रजा मिळत नाही, आणि भाऊजी, ताई सांगते, आता बसवाल तिथे बसून असतात. छत्री दाराआड पडून आहे. मला राहून राहून वाईट वाटतं ते एवढ्याचंच, की ह्यांनी एका रविवारी सहज विचारलं असतं, कॅप्टन, पॅनल बदलू का, तर भाऊजी नको म्हणाले असते आणि आजही चालत आले असते. माणसाला खूश करायच्या नादात त्याला विचारायचंच राहून गेलं. हे आता एकटे उडत नाहीत. पॅनलवरची धूळ मीच पुसते.

परवा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग भाऊजी म्हणाले, "नाव लावलंस म्हणे. कुठे लावलंस?"

"दांडीच्या वर," हे म्हणाले. "चार बोटं वर, आणि जरा डावीकडे."

फोनमधून टेबलावर नख फिरल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. मग थांबला.

"सापडलं," भाऊजी म्हणाले.