विहिरीचा एक फूट

मोजमापाची कापडी टेप वापराने सैल होते. तिला वजन बांधून ती विहिरींत सोडत राहिले की धागा ताणला जातो, आणि ताणलेल्या टेपवर खोली असते त्याहून कमी दिसते. म्हणून दर महिन्याच्या आरंभी टेप पितळी गजाशी पडताळावी, असा नियम होता. तो मला पाठ होता. नव्या लोकांना मी तो शिकवीतही असे. त्या महिन्यात मात्र मी टेप पडताळली नव्हती.

पन्नासचे दशक संपत आले होते. वडिलांच्या बदलीमुळे आम्ही जयपूरला आलो होतो, आणि मी तिथल्या एका सरकारी कचेरीत विहिरींच्या अनुदानाची तपासणी करीत होतो. अनुदान दोन हप्त्यांत मिळे. पहिला हप्ता खोदाईचा. विहीर चाळीस फूट झाल्याचा दाखला मी दिला, की दुसरा, दगडी बांधणीचा. जमीन रेताड होती. बांधणीवाचून कडा फार दिवस टिकत नसत.

कानोता गावाच्या पुढे एका वस्तीत नवराबायकोने विहीर खोदली होती. तो खाली खणी, ती माती वर ओढी. मी गेलो तेव्हा सारी वस्ती काठावर जमली होती. वजन तळाला टेकले आणि मी मोठ्याने वाचले, “एकोणचाळीस.”

“बाबूजी, मी दोरीने मोजली आहे. पूर्ण आहे,” तो म्हणाला.

“तुझी दोरी तुझ्याच बाजूने बोलणार!” एक म्हातारा ओरडला. “सरकारलाही फूटभर कमी मोजून देतोस होय रे?”

सगळे हसले. मीही हसलो. त्याची बायको घुंघट ओढून मागे उभी होती. एक फूट म्हणजे दिवसाचे काम, मी पुढच्या आठवड्यात पुन्हा येईन, असे मी त्याला नीट समजावले.

तो त्याच दुपारी कुदळ घेऊन उतरला. संध्याकाळी कडा ढासळली. त्याला वर काढले तेव्हा तो गेलेला होता.

बातमी कळली त्या दिवशी मी टेप कचेरीच्या फरशीवर पसरली आणि एकोणचाळीसच्या खुणेपर्यंत पितळी गजाने मोजली. चाळीस फूट भरले. पुन्हा मोजली. तेवढेच.

“आता लिहून काय उपयोग?” साहेब म्हणाले. मी तरीही लिहिले: खोली चाळीस फूट, मोजण्यातली चूक माझी. दुसरा हप्ता त्याच्या विधवेच्या नावे मंजूर झाला आणि तो द्यायला मीच गेलो. उंबऱ्याशी बसून मी तिला ते टिपण वाक्यावाक्याने समजावून सांगितले.

घुंघटाआडून आवाज आला, “मतलब, कुओ पूरो छो?” विहीर पूर्ण होती तर?

“हो. पूर्ण होती.”

ती म्हणाली, “लोक म्हणतात, लबाडी केली म्हणून देवाने त्याला तिथेच ठेवला. माझ्या मुलीलाही हेच ऐकवतात. मला नका सांगू, बाबूजी. पारावर चला. त्यांना सांगा.”

पार हाकेच्या अंतरावर होता. तो म्हातारा तिथेच हुक्का ओढीत बसला होता.

“सगळे कागदावर लिहिले आहे, बहनजी,” मी म्हणालो.

“कागद इथे वाचतो कोण?”

तिने अंगठा उठवला. मी साक्षीची सही केली, कागद गोळा केले आणि पाराला वळसा घालून फाट्यावर आलो.

साठच्या दशकात त्या रस्त्याने मी अनेकदा गेलो. फाटा जवळ आला की पारावर बोलायचे वाक्य मनात तयार होई. आजही होते. एकदा त्या फाट्यावर घुंघटातली एक बाई बसमध्ये चढली आणि माझ्या पुढच्या बाकावर बसली. तिचा चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता. ही तीच की दुसरी कोणी, हे मला कळणे शक्य नव्हते. विचारता आले असते. जयपूर येईपर्यंत मी तिच्या पदराच्या काठाकडे पाहत बसलो.