दादाच्या गप्पी माशांची शेवटची पिल्लं

काल दादाला अग्नी देऊन आलो आणि अंघोळही न करता मोरीत ओणवा झालो.

कोपऱ्यात बोटभर पाणी साचलं होतं. त्यात माशांची पिल्लं शोधत होतो.

नीट सांगतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गिरणीत बदली कामगार. संप सुरू झाला तेव्हा त्याला नुकती मिशी फुटली होती. संप संपला, हे मात्र त्याला शेवटपर्यंत कुणी अधिकृतपणे कळवलं नाही.

गिरणीच्या आवारात तळं होतं. डास होऊ नयेत म्हणून त्यात गप्पी मासे सोडलेले. गेट कायमचं बंद होण्याआधी दादाने त्यातले थोडे बाटलीत भरून घरी आणले.

"बाकीच्यांनी नोकरी मागितली, मी मासे मागितले. मला मिळाले," असं म्हणायचा.

लालबागची चाळ, घर मालवणी, आणि मासा काचेत! आई हताश झाली. "खावचे न्हय, तर ठेवतंस कित्याक?"

दिसायला अगदीच मळकट मासे. दुकानातल्या गप्पींसारखी पिसाऱ्याची शेपटी नाही, काही नाही. फुकट दिले तरी कुणी नेले नसते. पण त्यांची पिल्लं, मग पिल्लांची पिल्लं, असा तो वंश दादाने आजवर चालवला. तळं कधीच बुजलं. तिथे टॉवर आला. त्यात स्विमिंग पूल आहे म्हणे.

गेल्या महिन्यात दादा हॉस्पिटलमध्ये गेला. वहिनीही तिथेच. इकडे टँकचं पाणी नासलं आणि मासे एकेक करून गेले.

उरली एक मादी. पोट टम्म.

दादाचा फोन आला. तोंडावरचा ऑक्सिजन बाजूला करून बोलत होता.

"पंडित, ती आज-उद्या मोकळी होईल. मुकाट्याने घरी जाऊन बस."

(मी शाळेत संस्कृत शिकवतो. 'पंडित' ही त्याची शिक्षा.)

"दादा, तू आधी बरा हो."

"ते डॉक्टर बघतील. पिल्लं दिसली की लगेच वेगळी काढ. आईच खाते त्यांना."

"मत्स्यन्याय," मी म्हणालो. सवय!

"तो मला शिकवू नकोस. मी संपात होतो."

मग दम खात खात सूचना. नळाचं पाणी थेट घालायचं नाही, दिवसभर उघडं ठेवायचं. पाण्यात गवत हवं, पिल्लांना लपायला. खायला उकडलेल्या अंड्याचा बलक, अगदी कणभर. "तू लग्नात अक्षता टाकल्यासारखा टाकशील. तसं नको. पाणी सडतं."

मादी व्याली. मी वाटीने पिल्लं उचलली. दुसऱ्या दिवशी मादी मेली.

आता तो सगळा वंश म्हणजे ही पिल्लं. जिऱ्याएवढी. जिऱ्याला डोळे फुटले तर कसं दिसेल, तशी.

टँकला वास येत होता. म्हणून स्टीलच्या मोठ्या टोपात स्वच्छ पाणी भरलं, गवत टाकलं, पिल्लं सोडली. वर ओलं फडकं बांधलं. टोप ठेवायला जागा एकच, कळशीशेजारी.

मोबाइलवर दादाला फोटो दाखवला. त्याने बोटांनी मोठा करून करून पाहिला.

"एवढी राहिली पाहिजेत रे," म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे काहीतरी मागितलं.

काल पहाटे दादा गेला.

घरून त्याला उचललं, आम्ही पुरुष स्मशानात गेलो, आणि मागे चाळीतल्या बायकांनी रीतीप्रमाणे घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून टाकलं. कळशी, पिंप, बादल्या.

आणि टोप.

परत आलो तर तो घासून पालथा घातलेला.

"मावशी, यातलं पाणी?"

शेजारच्या शेवंतीमावशींनी मोरीकडे बोट दाखवलं. मग माझं तोंड बघितलं. मग त्यांना आठवलं.

"अरे देवा! वर फडका, बाजूक कळशी... माका वाटला पियाचा पाणी!"

दादाने उंदरांसाठी मोरीच्या भोकात चिंध्यांचा बोळा कोंबलेला असायचा. पाणी तुंबतं म्हणून वहिनी रोज करवादायच्या. त्या बोळ्यापाशी थोडं पाणी अडलं होतं.

दारात स्मशानातून आलेले सगळे पुरुष, खांद्यावर पंचे टाकून अंघोळीला थांबलेले. चुलतभाऊ म्हणाला, "अरे, आधी अंघोळी तरी उरकू द्या."

"मोरीत कोणी पाय टाकायचा नाही."

वहिनी. पहाटेपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य.

सगळे गुमान खालच्या नळावर गेले. जाता जाता चुलतभाऊ पुटपुटला, "जन्मभर खाल्लेल्या बांगड्यांचा सूड आहे हा."

मावशी पदर खोचून माझ्या बाजूला बसल्या. हातात चहाची गाळणी. मी टॉर्च धरला. फरशीला चिकटलेली पिल्लं दिसली. एक. अजून एक. अजून. सगळी मेलेली. मावशी रडतही होत्या आणि शोधतही होत्या.

बोळ्यापाशी गवताचा गुंता अडकला होता.

"हालता! झिला, हालता!" मावशी ओरडल्या.

त्या गुंत्यात दोन पिल्लं जिवंत होती.

ठेवायची कशात? घरात शिळं पाणी थेंबभर नाही आणि नळाच्या पाण्याने ती मरणार. मावशी धावत जाऊन आपल्या पिंपातलं आदल्या दिवशीचं पाणी घेऊन आल्या.

आज सकाळी त्यातलं एक तळाशी पडलं होतं. मी चमच्याने हलकेच ढोसलं. हललं नाही.

वहिनी मागे उभ्या होत्या.

"भावजी, राहिलंय तो नर की मादी?"

"इतक्यात कळत नाही, वहिनी."

एकट्याने वंश चालत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. त्यासुद्धा गिरणगावातच म्हाताऱ्या झाल्यात. तरी त्यांनी गॅसवर अंडं उकडायला ठेवलं. सुतकाच्या घरात अंडं! कुणीही एका शब्दाने बोललं नाही.

दादा, तू मागितलंस तेवढं राहिलं नाही. एक आहे. आत्ताच पाहिलं, काचेच्या बरणीत वरच्या अंगाला पोहतंय. उद्याचं मला विचारू नकोस.

तुला 'जा' म्हणवत नाही.

नमस्कार करतो.